मधलं झाड

मोठं मैदान फुटबॉलवाल्यांचं. आमच्या बँडला मिळालं शाळेमागचं अंगण आणि त्याच्या बरोबर मधोमध एक जाडजूड झाड. सगळा हंगाम आम्ही बत्तीस जणी वाजवत वाजवत त्याला वळसा घालत होतो. "स्पर्धेत झाड नसणार आहे, सरळ चालायचं," हे सरांकडून ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

उपांत्य फेरीचं मैदान सपाट आणि मोकळं होतं. आम्ही मधोमध पोचलो आणि सगळ्यांत पुढे काठी घेऊन चालणारी आमची म्होरकी सवयीनं डावीकडे वळली. ती चुकली हे मागच्या एकतीस जणींना त्याच क्षणी कळलं. सरळ गेलो असतो तर आम्ही बरोबर ठरलो असतो आणि ती एकटी उघडी पडली असती. ढोलाचा ठोका न चुकवता मी तिच्यामागे वळले. माझ्यामागून सगळ्या वळल्या. नसलेल्या झाडाला आम्ही असा वळसा घातला, की ते असतं तरी त्याचं पान हललं नसतं.

सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

अंतिम फेरीसाठी आमचं नाव पुकारल्यावर परीक्षक बाई म्हणाल्या, "तो मधला वळसा म्हणजे कमाल! कुणी बसवला?"

"आठ महिने घोटून घेतलाय," सर म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी शाळेनं आम्हाला मोठं मैदान दिलं. सराव सुरू करण्याआधी म्होरकीनं त्याच्या बरोबर मधोमध एक बादली उपडी ठेवली.