कल्याणचा नमुना

"घट्ट बांधू का, दादा?" पंकजानं विचारलं.

"बांध की. मला काय हुतंय," कल्याण म्हणाला आणि त्यानं बाही दंडापर्यंत वर सारली.

खर्ड्याच्या शाळेत त्या सकाळी चाळीसेक माणसं रक्त द्यायला आली होती. काम पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं होतं. कोरोनाच्या साथीला चार वर्षं होऊन गेल्यावर गावच्या रक्तात त्याची आठवण किती उरली आहे, ते पाहायचं होतं. पंकजा त्याच प्रयोगशाळेत नोकरीला होती, आणि याच गावची. सुई टोचताना तिनं भावाच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

कल्याण ऊसतोडीला जायचा. साथीतल्या त्या एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि तो खोकत घरी आला. त्याच आठवड्यात पंकजाही पुण्याहून आली, चार दिवस राहिली आणि परत गेली. ती गेली आणि अण्णांना, म्हणजे वडिलांना, ताप भरला. बाराव्या दिवशी नगरच्या दवाखान्यात ते वारले.

दहाव्याला जेमतेम सहा माणसं होती. कल्याणनं त्यांच्यापुढं हात जोडले.

"माज्यामुळं झालं," तो म्हणाला. "खोकला अंगावर काढला मी."

गावानं ते धरून ठेवलं. कुणी त्याच्या शेजारी बसेना. आई, पुष्पावती, त्याचं ताट वाढायची आणि आत निघून जायची. त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही. नवऱ्याचं मरण बाई विसरली नाही, असं लोक म्हणत. शेवटी कल्याणनं रानात पत्र्याची खोली घातली आणि बायकोला घेऊन तिकडंच राहू लागला.

पंकजा गप्प राहिली होती.

त्या एप्रिलात ती चुलीपाशी बसली असताना दूध करपलं होतं, आणि तिला वासच आला नव्हता. आईनं धावत येऊन पातेलं उतरवलं, तिच्याकडं एकदा पाहिलं, बोलली काही नाही. पुण्याला परतल्यावर पंकजानं कोरोनाची तपासणी करून घेतली. मोबाईलवर निकाल आला. तिनं तो वाचला आणि पुसून टाकला.

आता तिला एकच आशा होती आणि त्या आशेचीच जास्त लाज वाटत होती. कल्याणच्या रक्तातही कोरोनाची खूण निघावी. म्हणजे दोष निदान अर्धा होईल.

प्रयोगशाळेत ती टेट्रामर बनवायची. आपल्या पेशी विषाणूचा तुकडा एका प्रथिनात धरून टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींना, दाखवतात. ते प्रथिन बाहेर तयार करायचं, त्यात विषाणूचा तुकडा बसवायचा, अशी चार एकत्र जोडायची आणि त्यांना चमकता रंग लावायचा. ज्या टी-पेशींनी तो विषाणू पूर्वी पाहिलेला असतो, त्या याला चिकटतात आणि यंत्राच्या पडद्यावर ठिपके होऊन दिसतात. ते प्रथिन माणसागणिक वेगळं असतं. या बहीणभावाचं सारखंच निघालं. तुकडा तिनं विषाणूच्या आतल्या भागाचा घेतला. दोघांनी घेतलेल्या लशीत तो नव्हता.

नळ्यांवर नावं नव्हती, आकडे होते. कोणता आकडा कोणाचा, ते बघायचं नाही असा नियम होता. कल्याणचा आकडा तिनं शाळेतच पाठ केला होता.

तिनं स्वतःचंही रक्त तपासायला लावलं होतं; त्यात ठिपक्यांचा झुबका दिसला. पडद्यावरच्या कल्याणच्या चौकोनात काहीच नव्हतं. तिनं दुसरा तुकडा वापरून पाहिला, मग तिसरा. काही नाही. वर्षं गेली की ही आठवण पुसटही होते, हे तिला ठाऊक होतं. त्या सबबीला धरून ती दोन दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं जामखेडची एसटी पकडली आणि तिथून जीप करून खर्डा गाठला.

कल्याण बैलांना वैरण टाकत होता.

"दादा, तुला कोरोना झालाच नसावा," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "तो उसाच्या पाचटाच्या धुळीचा खोकला होता. अण्णांना माझ्यामुळं झालं. मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले. तू हात जोडलेस तेव्हाही."

कल्याणनं पेंढी खाली ठेवली.

"मी आता आईला सांगते. मग गावाला."

"गावाला सांग, न्हायतर नको सांगू. आईला सांगू नगंस."

"का? चार वर्षं ती तुझ्याकडं बघत नाही. ते काय कमी झालं?"

"नको म्हनलं ना, पंके. तिला सोसायचं न्हाई."

"तिला खरं कळायलाच पाहिजे, दादा."

कल्याणनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"तिला पयल्यापासनं ठाव हाय," तो म्हणाला. "दहाव्याच्या आदल्या दिशी माजं पाय धरलं तिनं. म्हनली, पोरीचं नाव निगाय नको, तू घे तुज्यावर."