ओस पडलेली नगरं

अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली, तशी थोरलीने क्लास सोडला आणि त्यांच्या उशाशी बसून प्राचीन इतिहास मोठ्याने वाचत स्पर्धा परीक्षेची तयारी चालवली. वर्षभर बाबा छताकडे बघत पडून. ऐकतात की नाही, देव जाणे.

निकाल लागला. वयात बसणारी शेवटची संधी दोन गुणांनी हुकली. थोरलीने रडारड केली नाही. पुस्तकं खोक्यात भरली, रद्दीवाल्याला निरोप दिला आणि बाबांना औषध पाजायला बसली.

बाबांनी तोंड फिरवलं. ओठ बराच वेळ थरथरले.

“ती नगरं... ओस पडली,” ते कसंबसं बोलले. “पुढे?”

चमचा तसाच खाली ठेवून थोरली पुस्तक आणायला उठली.