कारण : विवाह

"लग्नाचा दाखला," नोंदणी कचेरीतले व्यंकटराव म्हणाले. "मागच्या बुधवारी सांगितलं. त्याच्या आधीच्या बुधवारी सांगितलं. आज तिसरा बुधवार."

कमलम्मांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "दाखला न्हाई माझ्याकडं."

"मग फोटो आणा."

"फोटो न्हाई काढले."

"अहो बाई, अठ्ठ्याऐंशी साली काय फोटो निघत नव्हते?"

कमलम्मांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. पहाटेच्या एसटीने लातूरहून नांदेडला यायचं, टेबलासमोर बसायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचं. तीन आठवडे हेच चाललं होतं. शेजारी दामिनी बसली होती. त्यांच्याच वॉर्डात नुकती लागलेली नर्स, स्वतःची नोंदणी करायला आलेली. तिचं काम दहा मिनिटांत झालं होतं.

कमलम्मांची नर्सची नोंदणी जुनी, लष्करातल्या नोकरीच्या वेळची. आता सगळ्या जुन्या नोंदी मशीनवर चढवायच्या होत्या. शुक्रवारी मुदत संपत होती. दवाखान्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "अक्का, नूतनीकरण झालं नाही तर एक तारखेपासून वॉर्डात येऊ नका. माझ्यावर येतं." तीस वर्षं त्या वॉर्डावर त्यांचं पोट होतं.

व्यंकटरावांनी पिवळा पडलेला कागद बोटाने ठोकला.

"लष्कराचा कागद काय म्हणतो? सेवेतून कमी केले. कारण, विवाह. आणि आधार कार्डावर अजून तुमच्या वडिलांचं नाव. चन्नबसप्पा. दोन्ही जुळेपर्यंत मशीन पुढं सरकत न्हाई. मी काय करू? लग्नानंतर नाव का बदललं न्हाई?"

"गरज पडली न्हाई."

"गरज पडली न्हाई!" व्यंकटरावांनी कपाळावर हात मारला. "ऐका. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूम आणा. मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणा. मी तुमचंच काम करून राहिलो ना?"

"वारले न्हाईत. औशाला आडत दुकान हाय त्यांचं. बरं चाललंय म्हणतात."

"घ्या! माणूस औशाला धडधाकट बसलाय, अन् ही बाई मला तीन आठवडे फिरवून राहिली!" त्यांनी लष्कराकडून आलेली फाईल उलटी केली आणि आतून एक गुलाबी पत्रिका काढली. कडा झिजल्या होत्या, हळदीचं बोट मात्र अजून दिसत होतं. "हेच ना? चिरंजीव राजशेखर रेवणप्पा. आठ मे."

"पत्रिकेत तेच हायेत."

"ही पत्रिका लष्कराच्या फायलीत गेली कशी?" दामिनीने विचारलं.

"मीच दिली, गं. पहिली पत्रिका देवाला, दुसरी मोठ्या मॅडमला. माझे वडील, अण्णा, म्हणाले, ज्यांचं मीठ खातो त्यांचा मान आधी. रजेच्या अर्जाला जोडली."

"अन् त्यांनी अकरा एप्रिलला घरी पाठवलं," व्यंकटराव हुकूम वाचत म्हणाले. "लग्नाच्या आधीच."

"तेव्हाचा नियमच तसा. लग्न केलं की नोकरी संपली. मला वाटलं, परवानगी मिळंल. पत्रिकेलाच पुरावा धरलं त्यांनी."

"कमाल आहे, अक्का," दामिनी म्हणाली. " पेढे द्यायला गेलात अन् नोकरी देऊन आलात."

कमलम्मा हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"ते सगळं ठीक," व्यंकटराव म्हणाले. "मला शुक्रवारपर्यंत औशाचा कागद पाहिजे. त्यांच्या हातचा, नसेल तर घरातल्या कुणाच्या हातचा. त्यावर लग्नाचं लिहिलेलं पाहिजे. नसेल तर येऊच नका, गाडीचं तिकीट वाया जातं."

परतीची गाडी लोह्याला थांबली. दामिनीला राहवलं नाही.

"अक्का, उद्या स्कूटीवर नेते तुम्हाला औशाला. तासाभरात सही घेऊन येऊ."

"नको."

"एका सहीसाठी नोकरी घालवता का? एवढं कसलं भांडण?"

"त्यांचं माझं एकदाही भांडण न्हाई, बाई."

"मग?"

"खिडकी लाव. धूळ येऊन राहिली."

दामिनीने खिडकी लावली, ती जरा जोरातच. असल्या नवऱ्याची बाजू घेणाऱ्या बायकांचा तिला मनापासून राग येत असे.

शुक्रवारी कमलम्मा एकट्याच आल्या. व्यंकटरावांनी त्यांना दारातच पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"आणला का औशाचा कागद?"

"आणला. त्यांच्या वडिलांच्या हातचा."

"देव पावला. हे पहिल्या दिवशी नसतं का आणता आलं?"

"सदतीस वर्षं कुणाला दाखवला न्हाई."

कमलम्मा पिशवीवर वाकल्या तसा गळ्यातला काळा दोरा पदराबाहेर आला. व्यंकटरावांना वाटलं होतं तसे त्यात मंगळसूत्राचे मणी नव्हते. चांदीची इष्टलिंगाची डबी होती. कमलम्मांनी ती आत सारली आणि घडीवर फाटत आलेलं निळं आंतरदेशीय पत्र टेबलावर ठेवलं.

"मशीनला चालंल का बघा," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे पाहत बसल्या.

व्यंकटरावांनी चष्मा चढवला. वर तारीख होती, दोन मे.

"चन्नबसप्पा यांस रेवणप्पाचे शरणू शरणार्थ. मुलीची मिलिटरीतली नोकरी सुटल्याचे कळाले. आम्ही होकार दिला होता तो नोकरीवाल्या मुलीला. तरी आठ तारखेला मांडव घालू नये."