पाच मोजेपर्यंत

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुमची दाढ ठणकते आहे, आई म्हणते, "चल, गोरखी मोहल्ल्यात मावशीकडे जाऊ," आणि रिक्षा मात्र भलत्याच वळणावर वळते.

दुर्गाचं अगदी असंच झालं. स्वमग्न (ऑटिस्टिक) दुर्गाला मावशीकडचा रस्ता एकेका दुकानासकट पाठ होता. रिक्षा पाटणकर बाजाराकडे वळली तेव्हाच तिला संशय आला आणि तिने दोन्ही कान झाकून घेतले. दातांच्या दवाखान्यात तर तिने ओठ असे घट्ट मिटले की डॉक्टर यशश्रींना दाढ दिसेना.

"नुसतं बघणार आहेत गं बेटा, कुछ नहीं होगा," आई तिचा हात धरून म्हणाली. दुर्गाने आईकडे पाहिलं, मग ट्रेमधल्या सुईकडे.

"ही सुई टोचेल," डॉक्टर म्हणाल्या. "मी पाच मोजेपर्यंत दुखेल. मग दाढ बधिर होईल आणि मी ती साफ करीन."

"अहो मॅडम, असं काय सांगता तिला?" आई कुजबुजली. "आता ती तोंड उघडते होय?"



दुर्गाने आईचा हात सोडला, तिला बोटाने दार दाखवलं आणि खुर्चीत बसून मोठा 'आ' केला.