उजवीकडची खोली

"म्हणजे तिथेही जमलं नाही ना?" घड्या घालता घालता मुलीने विचारलं.

शिंपी सुईत दोरा ओवत होता. "तिथे एक गृहस्थ आहे. मी तोंड उघडलं की वाक्य तोच पुरं करतो. 'तुम्हाला असं म्हणायचंय...' अगं, मला काय म्हणायचंय ते आधी मला तरी कळू दे!"

"आणि त्याआधीची बैठक?"

"तिथे टाळ्याच फार. मी शिंकलो, तरी टाळ्या."

मुलीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "बाबा, दारू सोडायच्या शपथा पुष्कळ झाल्या. आता एका जागी टिका. तोवर गुंडीला शाळेतून आणायचं नाव काढू नका."

गुंडी म्हणजे नात. शर्टाच्या गुंडीसारखी वाटोळी, म्हणून हे नाव आजोबांनीच ठेवलेलं. गेल्या वर्षी तो तिला आणायला निघाला आणि वाटेतल्या गुत्त्यात विसावला. पोर अंधार पडेपर्यंत शाळेच्या फाटकाशी रडत उभी होती. तेव्हापासून या विषयावर मुलीसमोर त्याची मान वर होत नसे.

डॉक्टरांनी आणखी एक पत्ता दिला. वाचनालयाची इमारत, बुधवारी संध्याकाळी, जिना चढून वर गेलं की उजवीकडची खोली.

आता, लाजलेला माणूस कधी पुढच्या दाराने जातो का? समोर सगळी त्याच्या गिऱ्हाइकांची दुकानं. तो गल्लीतून शिरला, मागचा लोखंडी जिना चढला आणि उजवीकडच्या खोलीत जाऊन त्याने कोपऱ्यातली खुर्ची धरली.

माणसं गोल करून बसली होती. बैठक चालवणाऱ्या बाईंचं फुलांचं दुकान होतं. निखाऱ्यांवरून चालावं तसा एकेक शब्द जपून टाकत त्या म्हणाल्या, "इथे नियम एकच. बोलणाऱ्याला मध्ये थांबवायचं नाही. त्याला शब्द पुरवायचा नाही."

शिंप्याचा जीव खुर्चीत पडला.

बँकेतला एक कारकून म्हणाला, "काल फोन वाजला. मी पळालो नाही. उचलला." एवढं सांगताना त्याला घाम फुटला. पिणाऱ्या दोस्तांचाच फोन असणार, शिंप्याने ताडलं. एक नर्स म्हणाली, लग्नकार्याला जायचं ती टाळतेच. शिंप्याने जोरजोरात मान डोलावली. लग्नासारखी वाईट जागा नाही! एक तरुण लग्नासाठी मुलगी पाहायला गेला होता. वडिलांनी त्याला बजावलं होतं, तिथे तोंड उघडू नकोस.

'वास येतो ना,' शिंपी मनात म्हणाला.

किती अडखळत होते सगळे! त्याचे नुसते हात थरथरत. या बिचाऱ्यांच्या तर जिभेपर्यंत पोचलं होतं.

त्याची पाळी आली.

"मी दारू पितो," तो म्हणाला. "पिऊन नातीला शाळेच्या फाटकाशी विसरलो."

कारकुनाने नर्सकडे पाहिलं, काही सांगायला तोंड उघडलं. बाईंनी बोट वर केलं. त्याने तोंड मिटलं.

"बोला," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

मग तो बोलला. मध्ये गाडी अडली, तर सगळे थांबले. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, कुणी उपदेशाचा डोस पाजला नाही. थांबायचं कसं, हे जणू ती माणसं जन्मभर शिकत आली होती. घरी परतताना गुत्ता लागला. पाय जरा घोटाळले, पण पुढे गेले.

पुढच्या बुधवारी तो पुन्हा मागच्या जिन्याने आला. त्याच्या पुढच्याही. एकदा पाय घसरला, तेही त्याने तिथे सांगितलं. उसवलेली शिवण पुन्हा घालायची म्हणजे आधीचे दोरे उपटावे लागतात. त्याने ते एकेक करून उपटले.

आणि एका सकाळी दारात चपला घालता घालता मुलगी सहज म्हणावं तशी म्हणाली, "बाबा, मला आज उशीर होईल. गुंडीला तुम्ही आणा."

घंटा व्हायच्या कितीतरी आधी तो फाटकाशी उभा होता.

नेमका बुधवार. तो नातीला घेऊनच बैठकीला निघाला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाच्या पुढच्या दाराने आत शिरला. नातीचं बोट धरलेल्या माणसाला लपायचं काय कारण?

जिन्याच्या माथ्यावर एक फलक होता. गुंडी नुकतीच वाचायला लागलेली, तिच्या तावडीतून एक पाटी सुटत नसे. अक्षराखाली बोट ठेवायला त्यानेच शिकवलं होतं.

"वाच. घाई नाही."

"उ-ज-वी-क-डे... दारू सो-ड-णा-ऱ्यां-ची बैठक. डा-वी-क-डे..." ती अडली. त्याने शब्द पुरवला नाही. "डावीकडे, बोलताना अ-ड-ख-ळ-णा-ऱ्यां-चा गट. आजोबा, आपण कुठे जायचं?"

आजोबांचे पाय कधीच डावीकडे वळले होते; मागच्या जिन्याने आलं की हीच खोली उजवीकडे लागे. त्या दारात फुलवाल्या बाई हातात खुर्ची घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाई," त्याला धड हसता येईना की रडता, "पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का हो?"

बाईंनी खुर्ची खाली ठेवली. शब्द ओठाशी येऊन अडला. शिंपी थांबला. त्याचं पाहून गुंडीही थांबली.

"तुम्ही बोलत होता ना," बाई म्हणाल्या. "आणि आमच्यात बोलणाऱ्याला मध्ये थांबवत नाहीत."