प्रबंध टाइप करून मिळतील

मुंगीच्या जबड्याची ताकद. सातशे वर्षांपूर्वीची दानपत्रं. खाऱ्या पाण्यात गंजणारं लोखंड. तोतऱ्या मुलांची गाणी. तीस वर्षं लोकांचे असले प्रबंध टाइप करून तिची बोटं झिजली होती आणि मान कायमची धरली होती.

दवाखान्यातून आल्यावर नवरा रिपोर्ट घेऊन तिच्या टेबलाशी बसला.

"अगं, जगातलं सगळं ज्ञान तुझ्या बोटांखालून गेलंय. या माझ्या आजाराबद्दल कधी काही आलं नाही? डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात."

तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "अहो, साखरेची पोती वाहून हमालाचं तोंड गोड होतं का?"

तो कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच तुला विद्वान समजत होतो!"

"उशिरा का होईना, कळलं ना? आता जा, पडा जरा."

तो हलक्या पावलांनी आत गेला. ती पुन्हा कीबोर्डवर वाकली.

गेल्या वर्षी याच आजारावरचा प्रबंध टाइप करताना, रुग्ण किती महिने जगले त्या तक्त्यातली चूक तिनंच काढून दिली होती.