बोर्डावरची बाई

“श्वास सोडा हो,” ताई हसत म्हणाली. “पोट आत ओढून माप दिलंत, तर पुढच्या महिन्यात कमी काय होणार?”

औषधांच्या दुकानवाल्या बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी श्वास सोडला. ताईने मापाची पट्टी त्यांच्या कमरेभोवती फिरवली आणि आकडा सांगितला. ट्रेनर पाठमोरा टेबलाशी बसला होता. त्याने तो लिहून घेतला. समोरच्या आरशात त्याला दोघी दिसत होत्या.

बायकांची मापं पुरुषाने घ्यायची म्हणजे अवघडच. निम्म्याजणी पट्टी बघूनच परत गेल्या असत्या. म्हणून सकाळच्या बॅचला त्याची थोरली बहीण घरचं आवरून यायची. पगार नाही, काही नाही. “ढब्बू, तुझी जिम चालली की झालं,” एवढंच म्हणायची. दंड खांबासारखे झाले तरी तिच्यासाठी तो ढब्बूच, आणि त्यालाही ते आवडायचं.

“खरं सांगू का,” बाई म्हणाल्या, “जाऊ जाऊ म्हणत मी वर्ष काढलं. पण चौकातला तुमचा बोर्ड बघितला आणि धसकाच घेतला. ती बाई! खांदे पडलेले, पोट सुटलेलं, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. वर लिहिलंय, ‘किती दिवस असंच?’ मी नवऱ्याला म्हटलं, अशी व्हायच्या आत मी चालले.”

ताईची पट्टी थांबली नाही. “हात जरा सैल सोडा,” ती म्हणाली.

तो फोटो ट्रेनरनेच काढला होता, याच भिंतीपाशी. ‘ताई, खांदे पाड. पोट सोड. अगं हसू नकोस, सगळा विचका करतेस.’ हसून हसून तिने कितीतरी फोटो बिघडवले आणि शेवटी भावाच्या धंद्यासाठी एकदाची गंभीर उभी राहिली. मानेच्या वरचं कापतो, असा शब्द त्याने दिला होता. पण बोर्ड करणारा म्हणाला, “मुंडकं उडवलंत तर कपड्याच्या दुकानातला पुतळा वाटेल. गिऱ्हाईक थबकतं ते चेहरा बघून.” तो ‘हो’ म्हणाला नाही, पण ‘नाही’ही म्हणाला नाही. बोर्ड लागला. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करणार कोण?

त्या दिवशी तो सकाळपासून सबबी जुळवत बसला होता. ताई आली, “बोर्डाचे रंग छान उठलेत रे,” म्हणाली आणि पट्टी शोधायला लागली. सगळ्या सबबी जागच्या जागी राहिल्या. बॅच मात्र भरत गेल्या. बोर्ड उतरवावा असं त्याला रोज वाटायचं आणि तेवढ्यात नवा फोन यायचा.

“पण काय हो,” बाईंनी मान वळवून त्याला विचारलं, “ती खरीच आहे, की कंप्युटरवर केलेली? खरी असेल तर कमाल आहे तिची. माझा असा फोटो कोणी लावला असता, तर मी पुन्हा त्या चौकात पाऊल टाकलं नसतं.”

ताई हल्ली चौकातून येत नव्हती. मागच्या गल्लीने यायची. तिकडे चढ आहे, तिला दम लागतो. तिकडून का येतेस, असं त्याने विचारलं नव्हतं, कारण उत्तर ठाऊक होतं.

आरशात ताई पट्टीकडे बघत होती. बघत होती, पण वाचत नव्हती. ‘ती माझी ताई,’ एवढंच म्हणायचं होतं. पण बाईंनी अजून पैसे भरले नव्हते आणि पुढच्या वेळी येताना दोन जावांनाही आणणार होत्या.

“छे हो,” तो म्हणाला, “इंटरनेटवरून घेतलाय फोटो. कोण कुठली, कोणास ठाऊक.”

शब्द तोंडातून गेले आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

“तरीच!” बाई म्हणाल्या. मग ताईकडे निरखून बघत म्हणाल्या, “तुम्ही सरांच्या घरच्याच का? चेहरा कुठेतरी बघितल्यासारखा वाटतो.”

ताठ उभी राहिलेली, हसरी ताई समोर होती. बोर्डावरच्या बाईशी तिचा मेळ लागत नव्हता, पण लागायला कितीसा वेळ लागणार? ट्रेनर खुर्चीवरून उठला. आता तरी सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर ताईच आधी बोलली.

“नाही, नाही. मी इथे कामाला आहे. मापं घ्यायला येते.”

अगदी सहज म्हणाली, कोणाला शंका येऊ नये असं. उरलेली मापं तिने घेतली, पाण्याची जागा दाखवली आणि बाईंना पलीकडच्या हॉलमध्ये सायकलवर बसायला पाठवून दिलं.

खोलीत दोघंच उरली.

“ताई,” तो म्हणाला, “अगं, मी…”

ती पट्टी गुंडाळत होती. चेहऱ्यावर रागाचं नाव नव्हतं. चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिने दार उघडलं, बाहेर बाकावर बसलेल्या बायकांकडे बघितलं आणि त्याच्याकडे वळून विचारलं,

“पुढच्या बाईंना पाठवू का, सर?”